मागून आणलेलं झबलं

आमच्या घरात नव्या जिवाला कोरा कपडा घालत नाहीत. पहिलं झबलं मागून आणायचं, तेही ज्या घरात पोरं धडधाकट वाढली आहेत अशा घरातून. मी जन्मलो तेव्हा आईने आमच्या गावच्या, नेऱ्याच्या वरच्या आळीतून एका गुटगुटीत पोराचं झबलं मागून आणलं होतं, आणि म्हणूनच मी असा दांडगा निपजलो, असं ती आजही सांगते. दांडगा फक्त रागाच्या बाबतीत, अशी पुस्ती माझी बायको जोडते. झबलं परत करायचीही रीत आहे. रिकामं द्यायचं नाही, त्यात मूठभर तांदूळ बांधून द्यायचे. आई अजून ही रीत सोडत नाही. आम्ही नेरं सोडून नवीन पनवेलात फ्लॅटमध्ये राहायला आलो, बाथरूममध्ये गीझर आला, आईच्या हातात मोबाइल आला, पण कोऱ्या कपड्याचं भय काही गेलं नाही.

मी या सगळ्याची टिंगल करत आलो. न्हावा शेव्याच्या बंदरातून कंटेनर सोडवायचं माझं काम. सही नाही, शिक्का नाही, तर माल हलणार नाही, या हिशोबात मी वाढलेला. कोणाच्या पोराच्या अंगावरून कापड उतरलं म्हणून दुसऱ्याच्या पोराला आयुष्य लाभतं, हे मला कोण पटवणार?

मुलगी झाली ती खूप वाट बघायला लावून. आम्ही दोघं आशा सोडून बसलो होतो आणि नातेवाइकांनी विचारणंही सोडलं होतं. ती आली तेव्हा आई तिला बघून एवढंच म्हणाली, ‘बाय आली.’ मग तेच नाव पडलं. खरं नाव बारशाला ठेवायचं होतं, पण बारसं लांबलं, कारण डॉक्टरीणबाईंनी तिच्या छातीवर नळी लावली आणि बराच वेळ काढलीच नाही. हृदयात छिद्र होतं आणि एक झडप अरुंद. ऑपरेशन होणार होतं, बरी होण्याची आशाही होती, फक्त तिचं वजन आधी वाढायला हवं होतं. इतक्या लहान जिवाला भूल सोसणार नाही, असं बाई म्हणाल्या. तोवर घरी न्या, दूध पाजा आणि लक्ष ठेवा.

लक्ष ठेवा म्हणजे काय, ते आम्हाला घरी आल्यावर कळलं. दूध पिता पिता तिच्या कपाळाला घाम फुटायचा. चार घोट घेतले की ती दमून झोपायची, आणि झोपली की आम्ही तिच्या नाकाशी बोट धरून बसायचो. एकजण जेवायला बसला की दुसरा बोट धरायचा. असं किती दिवस चालणार? बायकोच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली आणि मी ऑफिसात साध्या साध्या गोष्टींवरून लोकांच्या अंगावर जाऊ लागलो.

तेव्हा दवाखान्यात त्या झबल्याचं कळलं. एक प्रयोग चालला होता. चांदीचा मुलामा दिलेला धागा कापडातच विणलेलं झबलं. छातीशी येतील अशा दोन मऊ पट्ट्या होत्या, त्या हृदयाचे ठोके टिपायच्या. पोटाभोवती एक ताणणारा पट्टा होता, तो श्वासाबरोबर फुगायचा आणि बसायचा. कुशीला टिचबटणांनी एक छोटी डबी लावायची, ती सगळं फोनवर पाठवायची. श्वास अडला किंवा ठोके फार चढले-उतरले की अलार्म वाजणार. वायर नाही, चिकटपट्ट्या नाहीत. समजावून सांगणारी मुलगी माझ्या भाचीच्या वयाची होती आणि इतकी गोड हसत होती की मला राग आला. मी विचारलं, हे सगळं करून हे झबलं माझ्या पोरीला बरं करणार आहे का? ती हसायची थांबली. नाही म्हणाली, फक्त सांगेल. मला तिचं ते उत्तर आवडलं.

अशी झबली दवाखान्याकडे थोडीच होती. एका बाळाचं काम झालं की ते परत यायचं, धुऊन-निर्जंतुक होऊन दुसऱ्याकडे जायचं. हे ऐकलं मात्र, आणि आईने कान टवकारले.

‘कोनाचे पोराचा हाय ह्यो झबला?’ तिने सिस्टरला विचारलं.

सिस्टरने सांगितलं, ते आम्हाला सांगता येत नाही. आईने बाय माझ्या हातातून काढून स्वतःच्या छातीशी धरली. कोणाच्या अंगचं ते कळल्याशिवाय ती नातीला घालू देणार नव्हती. मी तिच्यावर ओरडलो. चारचौघांत, दवाखान्याच्या खिडकीपाशी. हे मशीन आहे, आई, तुझं नेऱ्याचं झबलं नाही. तिच्यावर काडीचा परिणाम झाला नाही. बायको मधे पडली, आणि तीही आईच्याच बाजूने. जाऊ दे ना, म्हणाली, त्यांचं समाधान होत असेल तर विचारून बघू.

तेवढ्यात एक माणूस झबलं परत करायला आला. उरणकडचा, कोळी. उंच, काळासावळा, अंगात पोर्टवर घालतात तसलं केशरी जाकीट. त्याने प्लॅस्टिकच्या पिशवीतलं झबलं खिडकीत सरकवलं. सिस्टरने हात लावला, पण त्याच्या हातून पिशवी सुटेना. तिने हळूच ओढली तेव्हा कुठे सुटली. मला वाटलं, माणूस जरा बावळट दिसतोय.

दुसरं झबलं शिल्लक नव्हतं, म्हणजे हेच आम्हाला मिळणार होतं. आई त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. पोरगा का पोरगी, तिने विचारलं. पोरगी, तो म्हणाला. मग तिने तिला हवं ते विचारलं.

‘कशी हाय आता तुजी पोर?’

त्याने बायकडे बघितलं. टोपडं सरकून तिचा एक कान बाहेर आला होता, तो त्याने बोटाने आत घातला.

‘बरी हाय मावशी. घरी हाय. तुमी बिनधास घाला.’

आईने त्याच्या चेहऱ्यावरून हात ओवाळून कडाकडा बोटं मोडली. मी त्याला चहाला चला म्हटलं, कारण आई माझ्याकडे तसं बघत होती. तो नको म्हणाला आणि जिन्याने खाली गेला. नंतर ते झबलं धुऊन आमच्याकडे आलं, आणि आईने कुरकुर न करता बायला घातलं. मीही सुटलो. खरं सांगायचं तर मलाही बरं वाटलं होतं. एका पोरीला लाभलंय म्हणजे दुसरीलाही लाभेल, असं काहीतरी माझ्याही मनात येऊन गेलं, पण मी कोणाला ताकास तूर लागू दिली नाही.

झबलं आलं आणि आमच्या घरात नवीनच युद्ध सुरू झालं. मी कामावर असताना एकदा फोन किंचाळला. श्वास नाही, ठोके नाहीत, स्क्रीनवर सरळ रेघ. मी घरी फोन लावला तर कोणी उचलेना. कंटेनरच्या रांगेतून मोटरसायकल कशी काढली, कोणाला शिव्या दिल्या, काही आठवत नाही. घरी पोहोचलो तर बाय आईच्या पायांवर तेलाने चमचमत पडली होती आणि मजेत मूठ चोखत होती. आईने तिला खोबरेल चोळून वर झबलं घातलं होतं, आणि आत मलमलीचा एक तुकडा सरकवला होता. चांदी झाली म्हणून काय झालं, धातूच तो, पोरीच्या अंगाला बोचेल, हा तिचा विचार. पट्ट्या कातडीला लागतच नव्हत्या. फोनच्या हिशोबाने माझी मुलगी मेलेली होती आणि इकडे ती मूठ चोखत होती.

मी मग जे बोललो ते लिहिण्यासारखं नाही. आईने शांतपणे सगळं ऐकून घेतलं, मलमल काढली आणि मला म्हणाली, पाणी पी आदी. तिने तेल सोडलं नाही, पण पट्ट्यांच्या जागा सोडून लावायला शिकली. पुढे पुढे तर तिला फोन न बघता कळायचं. पट्टा ढिला झाला की ती माझ्याआधी हाक मारायची. शेजारणींना ती झबलं दाखवायची ती नव्या नवरीचा शालू दाखवावा तशी. पोरीचे आंगावर चांदी हाय, म्हणायची, सोनाराकडची नाय, कापडातलीच.

आणि मी? मी त्या फोनच्या आहारी गेलो. हे मी बायकोलाही सांगितलं नव्हतं. पोर्टच्या गेटवर उन्हात उभा असताना, ट्रेलरची रांग हलत नसताना मी फोन काढून तिचा श्वास बघत बसायचो. एक हिरवी रेघ वर जायची, खाली यायची. दूध पीत असली की घाईघाईने, झोपली की लांब लांब. ती रेघ बघून मला कळायचं, आता रडतेय, आता आईने खांद्यावर घेतलंय, आता ढेकर निघाला. आजवरच्या आयुष्यात मी कुणाकडे इतकं लक्ष दिलं नव्हतं. ड्रायव्हर लोक म्हणायचे, साहेब शेअर बाजार बघतायत. मी हो म्हणायचो.

वजन वाढत होतं. कासवाच्या गतीने, पण वाढत होतं. एका तपासणीला बाई म्हणाल्या, आता थोडंच राहिलं, मग तारीख देते. त्या संध्याकाळी आम्ही वडाळे तलावावर गेलो. बायकोने बऱ्याच दिवसांनी गजरा घेतला. आई बारशाला कोणकोण येणार ते बोलत होती आणि आम्ही नावांवरून भांडत होतो. बाय माझ्या खांद्यावर होती. झबल्यातली ती डबी माझ्या गळ्याशी टोचत होती आणि मी ती सरकवली नाही. आमच्या वाट्याला आलेली सगळ्यात चांगली संध्याकाळ तीच.

त्यानंतर तिला साधी सर्दी झाली. कुठल्याही पोराला होते तशी.

अलार्म वाजला तेव्हा दुपार होती आणि मी सुदैवाने घरीच होतो. मी सवयीने आधी पट्टा बघितला. पट्टा घट्ट होता. पट्ट्या कातडीला लागलेल्या होत्या, तेल नव्हतं, मलमल नव्हती. आईने बायच्या निळ्या पडलेल्या ओठांकडे बघितलं आणि तिला उचलून ती दाराकडे निघाली. पायात चपलाही नव्हत्या. पळस्पे फाट्याला ट्रेलरची रांग लागली होती, पण शेजारच्या मुलाने गाडी उलट्या बाजूने काढली आणि आम्ही वेळेत पोहोचलो. वेळेत पोहोचलो असं बाईही म्हणाल्या. तुम्ही अगदी वेळेत आणलंत, दुसऱ्या कोणी यापेक्षा लवकर आणलं नसतं. त्यांनी हातचं राखून काही ठेवलं नाही. दोन दिवस त्या स्वतः तिच्या उशाशी होत्या. तिसऱ्या दिवशी सकाळी त्या बाहेर आल्या आणि त्यांनी आधी माझ्या आईचा हात धरला.

राग करायला कोणी तरी लागतं. मला कोणीच मिळालं नाही. डॉक्टरांची चूक नव्हती, गाडीवाल्याची नव्हती, आईच्या तेलाची नव्हती. झबल्याने तर आपलं काम चोख केलं. ते फक्त सांगणार होतं, आणि त्याने सांगितलं. मी भिंतीवर डोकं आपटण्यापलीकडे काही करू शकलो नाही, आणि तेही एका वॉर्डबॉयने करू दिलं नाही.

लहान पोरांना जाळत नाहीत. नेऱ्याला आमच्या जमिनीच्या कडेला तिला मातीत ठेवलं. तिला गुंडाळायला पांढरं कापड आणलं होतं, दुकानातून, घडी न मोडलेलं. आई ते हातात घेऊन कितीतरी वेळ बसली. बायच्या अंगाला पहिल्यांदाच कोरा कपडा लागत होता. तिचं नाव काय, असं तिथे कोणी तरी विचारलं. बारसं झालं नाही, असं मी सांगितलं.

अतिदक्षता विभागात काढून ठेवलेलं झबलं सिस्टरने आम्हाला पिशवीत घालून दिलं होतं. ते घरी आलं आणि बायकोने ताब्यात घेतलं. ती ते उशीखाली ठेवायची. त्याला खोबरेलाचा आणि दुधाचा वास येत होता. दवाखान्यातून फोन आला तो फार अदबीने आला, घाई नाही म्हणाले, पण एक बाळ थांबलं आहे. मी म्हणालो, थांबू दे. काय वाट्टेल ते पैसे घ्या, मी देणार नाही. फोन ठेवला तर बायको मागे उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. झबलं तिच्या हातात होतं.

‘घेऊन जा,’ ती म्हणाली. ‘त्या बाळाच्या आईने पण बोट धरलं असेल नाकाशी.’

तिने ते शेवटचं नाकाला लावलं आणि माझ्याकडे दिलं. मी दाराशी आलो तर आई तांदळाची पुरचुंडी घेऊन उभी. मला भडभडून आलं आणि त्याच वेळी रागही आला. आता कशाला, मी म्हणालो, आता काय राहिलंय. रिकामा झबला देऊ नये, ती म्हणाली, आणि तिने पुरचुंडी पिशवीत सरकवली. दवाखान्यात तांदूळ काढून टाकतील हे तिलाही ठाऊक होतं.

खिडकीपाशी तीच सिस्टर होती. बाजूच्या बाकावर एक तरुण बाई बाळाला घेऊन बसली होती, शेजारी तिची आई. बाळाच्या नाकात दुधाची बारीक नळी होती. मी पिशवी पुढे केली तशी ती बाई उठून माझ्याजवळ आली. चांगली शिकलेली दिसत होती, गळ्यात कसलं तरी ऑफिसचं कार्ड होतं. ती ओशाळून म्हणाली की असल्या गोष्टी ती मानत नाही, पण आई ऐकतच नाही, म्हणून विचारते. ज्या बाळाचं हे झबलं होतं ते बाळ आता कसं आहे?

सिस्टरने मान खाली घातली. मी त्या बाळाकडे बघितलं. त्याच्या कपाळावर घाम होता.

‘मुलगी आहे माझी,’ मी म्हणालो. ‘बरी आहे. घरी आहे.’

आणि मग मला थांबता येईना. मी तिला सांगू लागलो की टिचबटणं लावताना आमची बाय पाय झाडते, तेव्हा आधी पाय धरा. पट्ट्यांच्या जागी तेल लावू नका. आजीला सांगा, आत मलमल घालायची नाही. अलार्म वाजला तर आधी पट्टा बघा, बहुतेक वेळा पट्टाच असतो. ती मान डोलवत होती, तिच्या आईने दोन्ही हात जोडले होते. माझा आवाज अगदी नीट होता. सिस्टरने पिशवी घ्यायला हात पुढे केला, पण ती येईना. तिने हळूच ओढली. तेव्हा मला दिसलं की माझीच बोटं पिशवीत रुतली होती.

त्या क्षणी मला तो उरणचा माणूस आठवला. त्याचं केशरी जाकीट, त्याची न सुटणारी मूठ, बायचा टोपड्यात घातलेला कान. मी त्याला मनात बावळट म्हटलं होतं. मी जिन्याच्या मधल्या पायरीवर बसलो आणि खूप रडलो. बायला मातीत ठेवलं तेव्हाही इतका रडलो नव्हतो. कोणासाठी रडत होतो, तिच्यासाठी की त्याच्या पोरीसाठी, ते वेगळं करता येत नव्हतं.

घरी आलो तर आई दारातच बसली होती. घेतला का कोणी, तिने विचारलं. घेतलं. काय म्हनली पोराची आय? कसं आहे बाळ म्हणून विचारलं. मग तू काय सांगितलास?

‘बरी आहे म्हटलं. घरी आहे.’

आईने मान हलवली. ‘त्यानीपन असाच सांगितला होता.’

तिला तेव्हाच कळलं होतं का, मी विचारलं. ती म्हणाली, ज्याची पोर घरी बरी असते त्याला पिशवी टाकून घरी पलायची घाई असते, त्याचे हातातना तर ती सुटत नव्हती. सगळ्या जुन्या रागाने मी तिच्यावर आवाज चढवला. गेलेल्या पोरीचं झबलं, तेही तुला माहीत असून, तू आपल्या बायला घातलंस? तू? कोऱ्या कपड्याला भिणारी तू?

ती जराही चिडली नाही.

‘आपली पोर गेलेला बाप दुसऱ्याचे पोरीसाठी बरी हाय बोलतो,’ ती म्हणाली. ‘याचेपक्षा मोठा आशीर्वाद मी कुठना मागून आननार होते?’

मग ती भिंतीला धरून उठली आणि माझ्या बायकोला जेवायला उठवायला आत गेली.